घरच्या बागेतला धबधबा: आधी पाण्याचा हिशोब, मग दगड

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या पूर्वेला बंगला आहे. मागच्या कोपऱ्यात साधारण १५ बाय १२ फूट जागा मोकळी आहे, दोन बाजूंना सहा फुटी कंपाउंड वॉल आहे आणि जमीन काळ्या मातीची आहे. तिथे सहा फूट उंचीचा धबधबा हवा आहे. गवंडी म्हणतो, भिंतीला लागून सिमेंटचा डोंगर उठवू, नदीतले गोटे बसवू आणि घरात पडून असलेला एक एचपीचा पंप जोडू. घरात चार वर्षांची नात आहे. गळती, वीजबिल आणि डास यांची काळजी वाटते.

जागा उत्तम आहे आणि धबधबा नक्की होईल. मात्र गवंडीबुवांच्या आराखड्यातल्या चारही गोष्टी बदलाव्या लागतील. उंची साडेतीन फुटांवर आणा, काम भिंतीपासून सुटे ठेवा, नदीतल्या गोट्यांऐवजी खाणीतला काळा दगड घ्या आणि तो एक एचपीचा पंप टाकी भरायलाच राहू द्या. नातीसाठी खालचे तळे उघडे न ठेवता दगडांनी भरून घ्या. आता प्रत्येकाचे कारण सांगतो.

आधी हे ठरवा की धबधबा कुठून पाहायचा आहे. बहुतेक लोक बागेत उभे राहून जागा ठरवतात आणि मग वर्षभर तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहतात. संध्याकाळी चहा घ्यायला जिथे बसता तिथे खुर्ची टाकून बसा. डोळ्यांच्या उंचीवरून कोपरा कसा दिसतो ते बघा. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर असतात. पाणी सुटते ती कड त्याच पातळीला किंवा जरा खाली आली, तर वरच्या डोहातले हलते पाणीही दिसते. कड त्याहून उंच गेली की फक्त पडणारी धार दिसते आणि पाणी मागे कुठल्या तरी नळातून येतेय हे लगेच कळते. धारेचे तोंड थेट तुमच्याकडे न ठेवता थोडे तिरपे ठेवा. तिरप्या धारेला खोली येते, दगडाची बाजूही दिसते.

सहा फुटांचा हट्ट सोडा म्हणतो त्याची कारणे अशी. मातीचा उंचवटा नैसर्गिक दिसायचा तर एक फूट चढायला दोन फूट आडवी जागा लागते. सहा फुटांना बारा फूट उतार झाला, म्हणजे तुमचा अख्खा कोपरा डोंगरानेच भरला. जागा न सोडता उंची गाठली की सिमेंटचा उभा सुळका होतो आणि तो आजूबाजूच्या बागेशी कधीच जुळत नाही. दुसरे कारण शिंतोड्यांचे. धार जितक्या उंचीवरून पडते, साधारण तितकेच अंतर दोन्ही बाजूंना पाणी उडते, आणि उडालेले पाणी तळ्याबाहेर पडले की ते गेलेच. तिसरे कारण आवाजाचे, आणि याचा विचार सगळ्यात कमी होतो. सहा फुटांवरून सलग पडणारे पाणी दोन भिंतींच्या कोपऱ्यात घुमते. पहिल्या आठवड्यात कौतुक वाटते, पुढे शेजारच्या बेडरूमची खिडकी बंद होते आणि मग तुम्हीच पंप बंद ठेवायला लागता. गप्पा मारत बसायच्या जागेजवळ एक ते दोन फुटांवरून पडणारे पाणी पुरते. साडेतीन फुटांचे तीन टप्पे करा आणि ते मुद्दाम असमान ठेवा: वर सात-आठ इंच, मध्ये दोन फूट, खाली दहा इंच. खोल पाण्यात पडणाऱ्या धारेचा सूर खर्जातला असतो, सपाट दगडावर पडणारीचा चढा. मधली मोठी धार पाण्यात आणि खालची छोटी धार दगडावर पाडलीत तर दोन्ही आवाज मिळतात.

भिंतीबद्दल मी ठाम आहे. कंपाउंड वॉल ही आडोशाची भिंत असते. मातीचा दाब अडवायला ती बांधलेली नसते. तिच्या अंगावर चार टन माती आणि दगड लोटले, त्यात पावसाचे पाणी मुरले, तर ती शेजाऱ्याच्या बाजूला कलते. पडली नाही तरी ओल पलीकडे जाते आणि भांडण सुरू होते. भिंत आणि काम यांच्यामध्ये किमान दीड-दोन फुटांची मोकळी पट्टी सोडा. त्या पट्टीतून पाइप जाईल, दुरुस्तीला माणूस आत शिरेल. मागे आधार हवाच असेल तर डबराची स्वतंत्र बुटकी भिंत बांधा, तिला पाणी निघायला भोके ठेवा. समोरून झाडोऱ्याने ही पट्टी दिसतही नाही. (हेच काम गच्चीवर करावे का, असेही बरेच जण विचारतात. घराची वापरती गच्ची साधारण दीडशे किलो प्रति चौरस मीटर चलभाराला, म्हणजे माणसे-सामान अशा वरून येणाऱ्या वजनाला, धरलेली असते. नुसते एक फूट खोल पाणीच चौरस मीटरला तीनशे किलो होते, दगड वेगळे. स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या लेखी होकाराशिवाय गच्चीवर हा विषय काढू नका.)

आता पाणी. सगळे काम या एका हिशोबावर उभे आहे आणि तो दगड आणायच्या आधी करायचा असतो. पाणी जिथून खाली सुटते त्या दगडाला मी सांडवा म्हणतो. सांडव्याच्या दर एक फूट रुंदीला ताशी साधारण चार ते साडेपाच हजार लिटर पाणी लागते, तेव्हा चांगली सलग चादर पडते. चारच्या खाली गेलात तर चादर फाटून धारा होतात. तेही रूप छान असते, पण ते ठरवून केलेले असावे. तुमच्या जागेला दीड फूट रुंदीचा सांडवा शोभेल, म्हणजे ताशी सात-आठ हजार लिटर. आठ हजार धरू. म्हणजे सेकंदाला सव्वादोन लिटर.

हे पाणी सांडव्यावरून जाताना किती जाड असते माहीत आहे? कडेच्या जरा मागे जेमतेम दोन सेंटिमीटर, आणि प्रत्यक्ष कडेवर त्याहून कमी. म्हणून दगड एका बाजूला एक सेंटिमीटर जरी कलला तरी जवळपास सगळे पाणी त्या कोपऱ्यातून धावते आणि उरलेली कड नुसती ओली राहते. गवंड्याच्या नजरेवर यात विसंबू नका. पाण्याची लेव्हल ट्यूब लावा, आणि दगड पक्का करण्याआधी त्यावर बादलीने पाणी ओतून बघा. पाणी स्वतःच सांगते कुठली बाजू खाली आहे.

पंपाचे गणित याच आठ हजारांवरून निघते. पंपावर दोन आकडे असतात, एक जास्तीत जास्त पाण्याचा आणि एक जास्तीत जास्त उंचीचा. हे दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. कमाल उंचीला पंप शून्य लिटर देतो आणि कमाल पाणी शून्य उंचीला देतो. तुमची उंची तळ्याच्या पाण्याच्या पृष्ठभागापासून वरच्या डोहातल्या पाइपच्या तोंडापर्यंत मोजा. पंप किती खोल बुडालाय त्याने फरक पडत नाही. ती सव्वा मीटरच्या आसपास येईल. त्यात पाइपचे घर्षण अर्धा मीटर मिळवा. म्हणजे पावणेदोन ते दोन मीटर उंचीला ताशी आठ हजार लिटर देणारा पंप हवा. दुकानदाराकडून पंपाचा आलेख मागून घ्या आणि दोन मीटरच्या रेषेवर आकडा वाचा. असा पंप साधारणपणे पाटीवर दहा-बारा हजार लिटर लिहिलेला कारंज्याचा सबमर्सिबल निघतो आणि दीडशे-दोनशे वॉटच्या आसपास वीज घेतो.

घरातला एक एचपीचा पंप पाणी दोन-तीन मजले चढवण्यासाठी बनलेला आहे. त्याची सगळी ताकद उंचीत जाते. पाणी तो ताशी फार तर तीन-चार हजार लिटर देतो, आणि वीज मात्र जवळजवळ एक किलोवॉट घेतो. रोज सहा तास चालवलात तर महिन्याला सुमारे १८० युनिट. दीडशे वॉटच्या पंपाला तेवढ्याच वेळात २७ युनिट लागतात आणि पाणी दुप्पट किंवा त्याहून जास्त मिळते. नवीन पंपाचे पैसे वीजबिलातून वसूल होतात, ते असे.

पाइपमध्ये बचत करू नका. तुमच्या प्रवाहाला दोन इंची पाइप लागतो. त्यात पाणी सेकंदाला मीटरभर वेगाने निवांत जाते आणि सहा मीटर लांबीला घर्षण जवळपास नगण्य असते. तेच पाणी एक इंची पाइपातून ढकलायचे तर वेग चौपट होतो आणि घर्षण तीसपट. चार-पाच मीटर उंची नुसती पाइपमध्येच खर्ची पडते आणि वर पोचते ती करंगळीएवढी धार. पंपाचे तोंड एक किंवा सव्वा इंची असले तरी पंपाला लागूनच रिड्युसर लावून दोन इंचावर जा. नव्वद अंशाचे एल्बो कमीत कमी ठेवा, शक्य तिथे दोन पंचेचाळीसचे वापरा. मध्ये एक बॉल व्हॉल्व्ह हवाच, प्रवाह हाताने कमी-जास्त करायला. पाहुणे असताना जोरात आणि एरवी संथ, हे त्या एका व्हॉल्व्हने जमते. पाइपचे वरचे तोंड डोहात बुडालेले असेल तर पंप बंद होताच पाणी उलटे फिरून अख्खा डोह खाली रिकामा होतो. त्यासाठी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा.

खालच्या साठ्याचे माप यानंतर येते. पंप सुरू झाला की काही पाणी प्रवाहात अडकते: वरच्या डोहात वाढलेली पातळी, ओहोळ, पाइप. तुमच्या आराखड्यात ते शंभर लिटरच्या घरात असेल. पंप बंद केला की हे सगळे खाली येते आणि ते मावले पाहिजे. पंप सुरू असताना तेवढी पातळी उतरूनही पंप पाण्यात बुडालेला राहिला पाहिजे. ज्यांच्याकडे रोज संध्याकाळी तळे उतू जाते आणि सकाळी पंप हवा ओढतो, त्यांच्याकडे गळती नसते, साठाच लहान असतो.

नातीसाठी साठा दगडांनी भरा असे म्हटले त्याची रचना सांगतो. आठ बाय सहा फुटांचा, अडीच फूट खोल खड्डा. त्यात लाइनर, म्हणजे पाणी अडवणारे लवचीक अस्तर. एका कोपऱ्यात पंपासाठी भोके पाडलेला प्लॅस्टिकचा पिंप उभा करा, त्याला झाकण. उरलेला खड्डा खाली मोठ्या, वर लहान अशा दगडांनी भरा. दगडांच्या फटींत जागा उरते ती सुमारे चाळीस टक्के, त्यामुळे सुमारे ३.४ घनमीटरच्या खड्ड्यात पाणी मावते साधारण साडेतेराशे लिटरच. शंभर लिटर वर गेले की पातळी सहा सेंटिमीटर उतरते. उघड्या तळ्यात तीच अडीचच्या आत राहिली असती. हे चालते, फक्त आधी ठाऊक हवे. धार दगडांत पडते, दिसेनाशी होते, आणि मूल त्यावर बसून खेळले तरी बुडायला पाणीच नाही. मधल्या टप्प्याच्या डोहातही पाणी वीतभरापेक्षा कमी ठेवा, आणि तरीही नात बाहेर असताना मोठे माणूस जवळ असू द्या. ती मोठी झाली की वरचे दगड काढा, त्याच खड्ड्याचे कमळाचे तळे होते. खड्डा आज नीट केला तर तेव्हा नुसते दगडच उचलायचे आहेत.

काळी माती या सगळ्यातला कळीचा प्रश्न आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. त्यावर बसवलेला सिमेंटचा डोंगर दर वर्षी वर उचलला जातो आणि खाली बसतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात त्याला केसासारखी चीर जाते. वॉटरप्रूफिंगचे कितीही हात मारा, खालची जमीन हलते आहे. त्या चिरेचा माग काढणे महाकठीण. म्हणून तुमच्याकडे लवचीक लाइनर वापरा. जमीन मुरमाची किंवा कातळाची असती तर आठ मिलिमीटरच्या सळ्या घातलेले, तळ आणि बाजू एकसंध ओतलेले आरसीसी मी आनंदाने सुचवले असते.

लाइनरमध्ये एक मिलिमीटर जाडीचा ईपीडीएम रबर सगळ्यात चांगला. तो कोपऱ्यात दुमडतो, ताणला जातो, आणि जमीन हलली तर तिच्याबरोबर हलतो. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद स्वस्त आणि सहज मिळतो. मोठ्या, सरळ उताराच्या तळ्याला तो छानच आहे, पण लहान वळणदार कामात त्याच्या कडक घड्या पडतात आणि घडीवरच तो तुटतो. माप काढायची रीत सोपी: लांबीत खोली दोनदा मिळवा आणि दोन्ही कडांना एकेक फूट. तुमच्या खड्ड्याला ४.६ बाय ४ मीटरचा तुकडा लागेल. लाइनरच्या खाली आणि वर दोन्हीकडे जाड जिओटेक्स्टाइल (लाइनरला दगड टोचू नयेत म्हणून घालायचे कापड) घाला, दगड त्यावर बसणार आहेत. ओहोळाचा तुकडा वेगळा घ्या आणि तो खालच्या साठ्याच्या तुकड्यावर कौलासारखा चढवा, म्हणजे वरून येणारे पाणी कुठेही सांध्याच्या मागे शिरणार नाही.

उंचवट्यात खोदलेली काळी माती घालू नका. ती बागेत दुसरीकडे पसरा. मुरूम आणून सहा-सहा इंचांचे थर द्या, पाणी मारा, धुमसाने ठोका. सांडव्याच्या मोठ्या दगडाखाली मुरमावर चार इंच पीसीसीचा (बिनसळ्यांच्या काँक्रीटचा) पाया घ्या, कारण तो दगड अर्ध्या इंचाने बसला तरी वर सांगितलेले सगळे गणित बिघडते. काम मार्च-एप्रिलमध्ये मातीकामापुरते करून एक पावसाळा त्यावरून जाऊ दिलात आणि दिवाळीनंतर दगड बसवलेत, तर ते काम टिकण्यात मला शंकाच राहत नाही.

आता दगड, माझ्या आवडीचा भाग. नदीतले गोटे आणू नका. ते काढल्याने नदीचे नुकसान होते, आणि आपल्याकडच्या धबधब्याला ते शोभतही नाहीत. सह्याद्रीचा धबधबा गोट्यांवरून पडत नाही. लाव्हाचे थर एकावर एक आडवे साचून हा सगळा दख्खनचा कातळ झाला आहे. वरचा घट्ट बसाल्ट टिकतो, त्याखालचा सच्छिद्र किंवा तांबड्या मातीचा थर झिजून मागे सरतो, आणि पुढे आलेल्या कडेवरून पाणी मोकळे सुटते. ठोसेघर पाहा, लिंगमळा पाहा, रंधा पाहा. पण भर पावसात जाऊ नका, ऑक्टोबरात जा. पाणी ओसरले की कातळाची रचना दिसते: थर कसे आडवे आहेत, भेगा उभ्या कशा आहेत, पाणी कुठल्या खाचेतून वाट काढते, दगडाच्या पायथ्याशी लहान दगड कसे अडकतात. वहीत काढून घ्या. तुमच्या साडेतीन फुटांना हेच व्याकरण लावायचे आहे. सगळ्या दगडांचे थर आडवे ठेवा, एकही दगड उभा खोचू नका, आणि प्रत्येक दगडाचा तिसरा हिस्सा तरी जमिनीत जाऊ द्या. वर ठेवलेला दगड आणि जमिनीतून आलेला दगड यांतला फरक कुणालाही लांबूनच कळतो.

माणसाने केलेल्या धबधब्यांतला आपल्याकडचा सगळ्यात मोठा धडा नळदुर्गला आहे. बोरी नदीवरच्या धरणाच्या भिंतीतच, १६१३ च्या सुमारास, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यात धरण भरले की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते आणि महालाच्या खिडकीत बसलेला माणूस ते आतून पाहतो. पाणी भिंतीपासून सुटे पडते म्हणून हे शक्य होते. आपल्या दीड फुटी सांडव्यालाही हाच नियम लागतो. पाणी दगडाला चिकटते. कड गोलसर असेल आणि पाणी थोडे असेल तर ते कडेवरून वळून दगडाच्या पोटाखालून मागे वाहते, आणि तुम्हाला समोर धारच दिसत नाही. म्हणून सांडव्याचा दगड खालच्या दगडापेक्षा तीन-चार इंच पुढे काढा, त्याची पुढची कड धारदार निवडा, आणि पोटाखाली कडेपासून इंचभर आत छिन्नीने आडवी खाच मारून घ्या. छज्जाच्या खाली गवंडी पागोळीसाठी मारतात तीच ही खाच. त्या पुढे आलेल्या दगडाखालची पोकळी काळोखी ठेवा. मागे अंधार असला की पाणी चमकते, आणि पोकळीमुळे आवाजही भरतो.

दगड निवडायला खाणीवर स्वतः जा. सांडव्याचा एकच दगड शोधण्यात अर्धा दिवस गेला तरी तो वेळ सत्कारणी लागला. बसाल्टचा एक घनफूट जवळपास ऐंशी किलो भरतो. दोन बाय दीड फुटांचा, फूटभर जाडीचा दगड म्हणजे दोनशे चाळीस किलो. तो चार बिगाऱ्यांच्या हातांनी उचलू नका, बोटे जातात. तिपाई आणि चेन पुली मागवा, आणि पिढ्यान्‌पिढ्या दगडात काम केलेला वडार कारागीर मिळाला तर त्याला पहारीने दगड फिरवताना नुसते बघा. जांभा कोकणात आणि गोव्यात बागकामाला सर्रास वापरतात, पायऱ्यांना तो सुरेख दिसतो. पण सच्छिद्र असल्याने तो पाणी पितो, कड लवकर झिजते. सांडव्याला तो नको.

दगड लाइनरवर बसले की पाणी त्यांच्या वरून जाण्याऐवजी खालून आणि फटींतून पळते. धबधबा चालू आहे पण दिसत नाही, अशा बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच असते. सांडव्याच्या खालची आणि दोन्ही बाजूंची फट काळ्या पॉलियुरेथेन फोमने भरा, फोम ओला असतानाच त्यावर बारीक खडी दाबा म्हणजे तो दिसत नाही. सिमेंटचा माल वापरायचा तर तो आतल्या बाजूला, दर्शनी भागात कधीच नको. लाइनरची कड दगडाच्या मागे पाण्याच्या पातळीच्या वर किमान चार इंच उभी हवी. लॉन किंवा माती लाइनरच्या आत डोकावली तर ती वातीसारखे पाणी शोषत राहते आणि रोज पाच-दहा लिटर गायब होतात.

विजेच्या बाबतीत तडजोड नाही. पंपाच्या सर्किटला ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि पक्के अर्थिंग. केबल एकसंध, पाण्यात किंवा मातीत जोड नको, चिकटपट्टीने गुंडाळलेला तर मुळीच नको. केबल कन्ड्युइटमधून न्या. स्विच पावसापासून झाकलेला, नातीच्या हाताबाहेर, आणि धबधबा दिसेल अशा जागी. पाण्यात हात घालायच्या आधी, दर वेळी, मेन बंद. हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या.

पाण्याच्या गुणाचा विचार आधीच करा. तुमच्या भागात बोअरचे पाणी बहुधा जड असते. ते काळ्या दगडावर वाळून पांढरे ओघळ सोडते आणि वर्षभरात दगड राखाडी दिसू लागतो. शक्य असेल तर पहिला भरणा आणि उन्हाळ्यातली भर छतावरच्या पावसाच्या साठवलेल्या पाण्याची ठेवा. कुठेही ताजे सिमेंट असेल तर साठा भरून, दोन-चार दिवस फिरवून, रिकामा करा आणि हे दोन-तीनदा करा. सिमेंटचा चुना उतरेपर्यंत त्यात मासे जगत नाहीत.

शेवाळ येणारच, आणि दगडावरचे पातळ हिरवे शेवाळ हीच तर धबधब्याची शोभा आहे. त्रास लांब तंतूंच्या शेवाळाचा. त्याला ऊन आणि खत लागते. दुपारी सावली असू द्या, लॉनला घातलेले खत पावसात ओहोळात उतरणार नाही असा उतार ठेवा, आणि काठाला पाण्यातले अन्न ओढणारी झाडे लावा: कर्दळ, अळू, वेखंड. दगडांच्या फटींत नेचे, ओल्या काठावर ब्राह्मी, उतार धरायला मागे वाळा. जलपर्णी एकही नको. मोरचूद टाकायचा सल्ला कुणीतरी देईलच. मासे असतील तर ते मरतात. वड, पिंपळ, उंबर आणि बांबू यांची मुळे लाइनर शोधत येतात, ती झाडे लांब ठेवा.

डासांची भीती रास्त आहे, पण धबधबा हे तिचे मुख्य कारण नसते. डास साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. रोज काही तास जोरात फिरणाऱ्या पाण्यात त्याला जमत नाही. अडचण असते ती पंप बंद झाल्यावर दगडांच्या खळग्यांत राहिलेल्या पाण्याची. दगड बसवतानाच असे खळगे पाहून त्यांना खाच मारा किंवा माल भरून उतार द्या. मधल्या डोहात गप्पी मासे सोडा. डासांच्या अळ्या खाणारा दुसरा मासा म्हणजे गंबुसिया, त्यापेक्षा गप्पी बरे, पण तेही नैसर्गिक ओढ्यात जाऊ देऊ नका. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवडाभर गावाला जाणार असाल तर पंप टायमरवर सकाळ-संध्याकाळ चालू ठेवा.

पावसाळ्यासाठी साठ्याला दोन इंची ओव्हरफ्लो पाइप द्या, तोंडाला जाळी. बागेतले गढूळ पाणी साठ्यात येऊ नये म्हणून काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा दोन-तीन इंच उंच ठेवा. जूनमध्ये एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा पिंपातला गाळ काढा. पंप विटेवर उचलून बसवला असेल तर मधल्या काळात तो गाळ ओढत नाही.

शेवटी चाचणी, आणि ती माती व झाडे लावायच्या आधी. साठा भरा, पातळीला खूण करा, पंप बंद ठेवून चोवीस तास थांबा. पातळी उतरली तर दोष साठ्यात. ती टिकली, तर पंप चोवीस तास चालवा, बंद करा, वरचे पाणी खाली येऊ द्या आणि पुन्हा मोजा. आता उतरली असेल तर दोष ओहोळात, सांडव्याच्या बाजूंना किंवा शिंतोड्यांत आहे. बहुतेक वेळा तो इथेच सापडतो, आणि कुठेतरी लाइनरची कड दोन बोटे खाली दबलेली असते. मोजताना बाष्पीभवन वजा करायला विसरू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे उघड्या पाण्यातून दिवसाला आठ-दहा मिलिमीटर उडून जाते, म्हणजे चौरस मीटरला आठ-दहा लिटर. शेजारी एक बादली भरून ठेवा आणि तिच्यावरही खूण करा. बादलीत जेवढे उतरले तेवढे उन्हाचे. पडत्या, उडत्या पाण्यामुळे त्याहून थोडे जास्त धरा.

पाण्याची भर आपोआप पडावी म्हणून प्लंबर फ्लोट व्हॉल्व्ह सुचवेल. तो जरूर बसवा, पण पहिले दोन महिने त्याचा कॉक बंद ठेवा आणि पाणी हाताने मोजून घाला. फ्लोट चालू असला की गळती लपून राहते, आणि ती कळते तेव्हा भिंतीपलीकडची जमीन ओली झालेली असते.